घर नंबर नऊ

माझ्या मुलीचा सत्कार होणार हे मला घरी कळलं नाही, टोपी बाजारात कळलं. जानव्यासाठी सूत घ्यायला गेलो होतो. दुकानदार म्हणाला, "बधाई हो शास्त्रीजी, बिटिया का नाम छपा है," आणि पुडी बांधायला काढलेलं वर्तमानपत्र त्यानं माझ्यापुढे सरकवलं. मध्य भारताच्या आरोग्य खात्यातर्फे येत्या रविवारी, अठ्ठावीस ऑक्टोबरला, वैद्यकीय संशोधनाबद्दल हायस्कूलच्या दोन विद्यार्थिनींचा सन्मान. कुमारी शामला आणि कुमारी राजलक्ष्मी. पोरी आषाढात वही घेऊन दारोदार नारूची मोजदाद करत हिंडत होत्या, एवढं मला ठाऊक होतं. त्यातून काय निघालं ते खाली बारीक अक्षरात छापलं होतं. मी मुलीच्या नावापुढे वाचलंच नाही.

तिथून गोरखीपर्यंत, म्हणजे आमच्या घरापर्यंत, दहा मिनिटांची वाट. मला सव्वा तास लागला, कारण वाटेत भेटेल त्याला मी थांबवून सांगत होतो. शेवटी तर एका अनोळखी टांगेवाल्यालाही सांगितलं. तो बिचारा म्हणाला, "अच्छा है पंडितजी, मगर बैठना है कि नहीं?"

माझा स्वभाव आधीच सांगून टाकतो. मी तापट आहे, आणि कडक सोवळ्याचा आहे. आमच्या घराण्यानं चार पिढ्या रामाच्या देवळात देवाचं पाणी भरलं. दरबारच्या दफ्तरात तशी नोंद होती, आजोबांच्या नावानिशी. अठ्ठेचाळीस साली संस्थान मध्य भारतात गेलं आणि ते दफ्तर कुठे गेलं देव जाणे. आता एक नोव्हेंबरला मध्य भारतही नव्या मध्य प्रदेशात जाणार होता, कचेऱ्या भोपाळला हलणार होत्या. आठ वर्षांत दोन राज्यं माझ्या डोळ्यांदेखत संपली. बरोबरीचे लोक कोणी वकील झाले, कोणी मास्तर. माझ्यापाशी उरलं होतं फक्त सोवळं, आणि खरं सांगतो, मला त्याची फार घमेंड होती.

आमच्या गल्लीत एकतीस घरं. नळ येऊन वर्षं झाली होती. पण नळाच्या तोंडात चामड्याचा वायसर असतो हे मला एका फिटरनं सांगितलं आणि मी गल्लीत जाहीर करून टाकलं, की मेलेल्या जनावराच्या कातड्यावरून आलेलं पाणी ज्याला प्यायचं त्यानं खुशाल प्यावं. एकोणीस घरं खुशाल प्यायली. बारा घरांनी माझं ऐकलं आणि मागच्या बावडीचं पाणी धरून ठेवलं. ही बावडी पायऱ्यांची. ओलेत्यानं शेवटच्या पायरीपर्यंत उतरायचं, गुडघाभर पाण्यात उभं राहायचं, कलश भरायचा. गाळायचं नाही. गाळायचं फडकं कुणी धुतलं, कुणाला शिवलं, याचा काय भरवसा? हेही मीच शिकवलेलं. राजलक्ष्मीचे वडील रघुनाथराव तर माझा शब्द म्हणजे वेदवाक्य मानायचे.

यंदा चैत्रात त्या बारा घरांत नारू निघाला. एकाला नाही, दोघांना नाही, सतरा जणांना. पायावर फोड यायचा, आग व्हायची, फोड फुटून पांढऱ्या दोऱ्यासारखा किडा डोकावायचा. तो ओढून काढता येत नाही, तुटला तर पाय सडतो. काडीला गुंडाळत रोज बोटभर बाहेर काढायचा. राजलक्ष्मीचा निघाला गुडघ्यापाशी. ऐन मॅट्रिकच्या परीक्षेत ती खाटेवर पडून राहिली. वर्ष गेलं ते गेलंच, गुडघाही आखडला. जुलैत ती लंगडत शामलाच्या वर्गात येऊन बसली. त्यांच्या सायन्सच्या बाई शालिनीताई, फौजी घराण्यातल्या, बोलायला तलवारीसारख्या. त्यांनी पोरीला रडत बसू दिलं नाही. म्हणाल्या, "तुझं वर्ष कशानं गेलं ते तूच शोध." शामला तिच्या जोडीला लागली.

आणि मग एका दुपारी माझ्याच मुलीनं माझंच दार बाहेरून वाजवलं. हातात वही, बाजूला राजलक्ष्मी.

"आतून ये की," मी म्हणालो.

"नाही बाबा, सगळ्या घरांना सेम पद्धत. आप घर नंबर नऊ हैं."

शालिनीताईंचा दंडक होता: घरचा माणूस सांगेल तेच लिहायचं, आपल्याला काय वाटतं ते लिहायचं नाही. पेन्सिल वापरायची नाही. शामलानं प्रश्न वाचले. यंदा कुणाला नारू? नाही. पाणी कुठलं? बावडीचं. गेल्या वर्षी, पंचावन्न साली, कुणाला नारू झाला होता?

"नाही," मी म्हणालो.

शामलानं वर पाहिलं. गेल्या वर्षी धोतऱ्याची पानं वाटून माझ्या घोट्यावर लेप कोण लावत होतं? तीच. तिनं मान खाली घातली आणि लिहिलं, "नहीं". माहिती देणारा म्हणून माझं नाव घातलं आणि पुढच्या दाराला गेली.

मी खोटं का बोललो? अंगावर वाहती जखम असलेल्यानं देवाला शिवू नये, हा नियम. मी हा नियम दुसऱ्या दोन पुजाऱ्यांवर चालवला होता, त्यांतल्या एकाला गळू झालं म्हणून महिनाभर घरी बसवलं होतं. चोपन्नच्या चैत्रात मी धारकडे एका यज्ञाला गेलो होतो, तिथल्या बावडीचं पाणी प्यालो. वर्षानं माझ्या घोट्याला नारू निघाला. मी कुणाला कळू दिलं नाही. दिवसभर पट्टी बांधून वर धोतर सोडायचो. फक्त पाणी भरायला जाताना पट्टी सोडायचो. पट्टी ओवळी ना! उघड्या जखमेनं पाण्यात उतरलो की ती आग क्षणात थंड व्हायची. देवाची कृपा वाटायची मला ती. जरा जास्तच वेळ उभा राहायचो.

शुक्रवारी दुपारी शालिनीताई घरी आल्या. आमच्या सौभाग्यवतीनं, इंदूनं, त्यांच्यापुढे चिवड्याची बशी ठेवली. दिवाळी तोंडावर होती. मी सत्काराच्या वेळी कुठलं स्वस्तिवाचन म्हणायचं ते ठरवून बसलो होतो, कारण समारंभाची सुरुवात माझ्या मंत्रांनी होणार होती.

"शास्त्रीबुवा, एक अडचण आहे," बाईंनी बशीला हात न लावता सांगितलं. "अहवाल पहिला आलाय. बारा बावडीवाल्या घरांत सतरा रोगी, एकोणीस नळवाल्या घरांत एकही नाही. पोरींनी बावडीच्या पाण्यातला किडा मायक्रोस्कोपखाली पकडलाय. पण खात्याच्या डॉक्टरांनी, भालचंद्ररावांनी, एक सवाल लावून पाठवलाय."

"कसला सवाल?"

"नारूवाला माणूस उघड्या जखमेनं पाण्यात उतरतो, तेव्हा त्याची पिलं पाण्यात सुटतात. पाण्यातले बारके किडे ती गिळतात. ते पाणी जो पितो त्याला वर्षानं नारू. मग गेल्या चैत्रात त्या बावडीत उतरलं कोण? दहा वर्षं तिथं नारू नव्हता. वहीत पंचावन्न सालचा एकही रोगी नाही. डॉक्टर म्हणतात, कडी तुटलेली आहे. अशा कागदावर ते बावडीच्या पायऱ्या बंद करायचा हुकूम काढणार नाहीत. तसा अहवाल पहिलाही धरणार नाहीत, नावं छापून आली तरी. आणि गुरुवारपासून खातंच राहणार नाही इथं. फाइल भोपाळला गेली की गेली."

"मग शोधा की त्याला," मी म्हणालो. माझा आवाज मलाच परका वाटला.

"मी शामलाला विचारलं. म्हणते, मला माहीत नाही." बाई माझ्याकडे पाहत नव्हत्या, चिवड्याकडे पाहत होत्या. "राजलक्ष्मी रोज विचारते तिला. ती रोज हेच सांगते."

मी वही मागितली. वाचायला नको होती, पण हात पुढे गेला. बाई वही ठेवून गेल्या, रविवारी शामलानं घेऊन यावी म्हणून.

एकेक पान एकेका घराचं होतं. घर नंबर चार, रघुनाथरावांचं. राजलक्ष्मी, वय सोळा. नारू: हाँ. जखम उघडी असताना पाण्यात उतरलात का: हाँ, सात बार. माहिती देणारा: स्वयं. अक्षर तिचंच होतं. सोळा वर्षांच्या पोरीनं, जिचा गुडघा गेला, जिचं वर्ष गेलं, तिनं स्वतःच्या हातानं लिहून ठेवलं होतं की मीही त्या पाण्यात उतरले, पुढच्या वर्षी ज्यांना होईल त्यांना माझ्यामुळेही होईल. पाच पानं उलटली. घर नंबर नऊ. नहीं. माहिती देणारा: श्रीपादशास्त्री. हेही अक्षर सुंदर होतं, माझ्या मुलीचं.

मला संताप आला, आणि सवयीप्रमाणे तो चुकीच्या माणसावर निघाला. मी शामलाला हाक मारली.

"तू बाईंना सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही जे बोलला ते लिहिलं. रूल आहे."

"आणि सन्मान?"

"नको मला." ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. "बाबा, मी सोचून बसलेय. तुमचं नाव आलं तर मंदिर सुटेल ना? मंदिर छूट गया तो तुम्ही काय कराल? तुम्हाला दुसरं काही येतं का?"

येत नव्हतं. खरं तेच बोलली. म्हणून जास्त लागलं.

"राजलक्ष्मीला तोंड कसं दाखवतेस?" मी विचारलं.

त्यावर मात्र ती रडली. आवाज न करता, उभ्या उभ्या. "वही तो नहीं होता, बाबा," म्हणाली आणि आत गेली. मी तिच्या मागे जायला हवं होतं. गेलो नाही. मनात म्हटलं, एका सन्मानाचं काय एवढं, पोरगी हुशार आहे, पुढे पन्नास मिळतील. असा होतो मी, लिहायला लाज वाटते पण होतो.

शनिवारी सकाळी नेहमीसारखा बावडीवर गेलो. कलश भरला. पाणी इतकं नितळ की कलशाच्या तळाची नक्षी दिसत होती. यात कुठं आलंय विष, असं म्हणत घरी आलो. पण पोरींनी आषाढात गल्लीतल्या बायकांना एक युक्ती दाखवली होती, ती आठवली. काचेच्या पेल्यात पाणी घ्यायचं आणि उन्हापुढे धरायचं. मी इंदूच्या नकळत सरबताचा पेला काढला, देवाच्या कलशातलं पाणी त्यात ओतलं आणि अंगणात जाऊन सूर्यापुढे धरला. आधी काही दिसलं नाही. मग दिसलं. पांढरे ठिपके, मोहरीपेक्षा बारके, थांबत थांबत उड्या मारणारे. एक, दोन, सहा, मग मोजणं सोडलं. हे मी वर्षानुवर्षं देवाला पाजलं होतं. बारा घरांना पाजलं होतं, वर त्यांना सांगितलं होतं की हेच शुद्ध. इंदू बाहेर आली, तिनं माझा चेहरा पाहिला, पेला पाहिला आणि काही न विचारता पेला हातातून काढून घेतला. तिला सगळं ठाऊक होतं, पट्ट्या तीच जाळायची.

रविवारी शाळेचा हॉल भरला होता. मंचावर मध्य भारताचं निशाण, त्याच्याखाली टेबल, टेबलावर दोन सन्मानपत्रं. चार दिवसांनी त्यावरच्या राज्याचं नाव जुनं होणार होतं, तरी शाई कशी ताजी होती. मी पहिल्या रांगेत, माझ्या शेजारी रघुनाथराव. मी स्वस्तिवाचन म्हटलं. आयुष्यात प्रथमच दोनदा अडखळलो.

पोरींनी नकाशा उलगडला. एकतीस घरं, मध्ये बावडी, रोग्यांच्या घरांवर लाल टिकल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग डॉक्टर भालचंद्रराव उठले, शांत माणूस, नाकावर घसरणारा चष्मा. ते हिंदीत बोलले, पण प्रेमानं बोलले. म्हणाले, काम उत्तम आहे, फक्त एक कडी हवी आहे. पिछले साल चैत में पानी में कौन उतरा था? बेटी, कुछ पता चला?

राजलक्ष्मीनं शामलाकडे पाहिलं. शामला नकाशाकडे पाहत होती.

"नहीं सर," ती म्हणाली. "पता नहीं चला."

माझ्यापायी माझी मुलगी चारशे माणसांपुढे खोटं बोलली. घर नंबर नऊमध्ये मी बोललो होतो तेच, त्या दुपारी लिहिताना घातली होती तशीच मान खाली घालून. मी ऐकलं आणि माझे पाय आपोआप उभे राहिले. धीर वगैरे काही नव्हता, बसवलंच नाही.

"डॉक्टरसाहेब, मी," मी म्हणालो. मराठीत म्हणालो, मग लोकांना कळावं म्हणून परत सांगितलं, "मैं उतरा था."

हॉलमध्ये कुजबुज झाली. रघुनाथराव म्हणाले, "श्रीपाद, काय बोलतोयस? बैस." मी बसलो नाही. धोतर वीतभर वर घेतलं आणि घोट्यावरचा वण दाखवला. ज्या समाजात मी कुणाला माझी सावली शिवू दिली नव्हती, त्यांच्यापुढे तो पाय उघडा करताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रघुनाथरावांनी वण पाहिला, मंचावर लंगड्या पायावर उभ्या असलेल्या आपल्या मुलीला पाहिलं, आणि हळूच खुर्ची माझ्यापासून लांब सरकवली.

"वहीत दुरुस्ती करता येईल?" डॉक्टरांनी शालिनीताईंना विचारलं.

"येईल. पण घरमालकाला प्रश्न परत विचारावे लागतील. पद्धतीनं."

शामला पुढे आली नाही. तिच्याच्यानं हललंही जात नव्हतं. राजलक्ष्मीनं वही तिच्यापुढे ठेवली, दौतीचं झाकण काढून दिलं, आणि स्वतः मंचाच्या कडेपर्यंत लंगडत आली. मला वाटलं, आता ही बोलेल. बोलू दे. जे बोलेल ते कमीच आहे.

"घर नंबर नऊ," तिनं विचारलं. आषाढात दारात विचारलं होतं, तोच आवाज. "गेल्या वर्षी कुणाला नारू झाला होता?"

"मला."

"कोणत्या महिन्यात?"

"चैत्रात. रामनवमीच्या आधी."

"जखम उघडी असताना पाण्यात उतरलात?"

"हो."

"किती वेळा?"

"रोज. सव्वा महिना. दोन वेळा."

तिचा आवाज इथं थोडा हलला. तिनं ओढणीनं ओठ पुसले. "काका, पाण्यात पाय घातला की आग थांबायची ना?"

हा प्रश्न वहीत नव्हता.

"थांबायची, बाळ," मी म्हणालो.

"माझीपण," ती म्हणाली. मग पुन्हा सरळ झाली. "माहिती देणारा?"

"स्वतः."

हुकूम बुधवारी निघाला, मध्य भारताच्या अखेरच्या दिवशी. पायऱ्या चिणून वर कठडा आणि रहाट बसवला. देऊळ सुटलं, शामला म्हणाली होती तसंच. आता मी नळाच्या रांगेत घागर घेऊन उभा असतो. पहिले काही दिवस बायका सवयीनं मला वाट द्यायच्या, आता देत नाहीत. रघुनाथराव अजून बोलत नाहीत. राजलक्ष्मी बोलते. दोघी यंदा मॅट्रिकला बसतील.

ती वही भोपाळला गेली. पण जाण्याआधी मी ते पान पाहिलं, तिथंच मंचावर, शाई ओली असताना. शालिनीताईंचा आणखी एक दंडक होता: चुकीचं लिहिलेलं खोडून काळं करायचं नाही, एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. शामलानं पट्टी घेतली आणि "नहीं" वर एक रेघ ओढली. शेजारी लिहिलं, "हाँ". माझं नाव तिनं दुसऱ्यांदा लिहिलं, पहिल्याखालीच. आमच्या घराण्याची नव्या राज्याच्या दफ्तरातली ही पहिली नोंद. रेघेखालचं माझं खोटं आजही स्पष्ट वाचता येत असेल, आणि ते माझ्या मुलीच्या अक्षरात आहे.